मटणवाला ससा

मार्क रायडन हे नाव तुमच्या ओळखीचं नसेल, पण त्याचं एक चित्र तुमच्या घरात येऊन गेलं असण्याची बरीच शक्यता आहे. १९९१ च्या नोव्हेंबरात मायकल जॅक्सनचा 'डेंजरस' आला. आपल्याकडे तो कॅसेटच्या रूपात पोचला. पुढे १ नोव्हेंबर १९९६ ला जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला, त्याच्या आगेमागे तर आमच्या मोहल्ल्यातल्या पानाच्या टपरीवरही ती वाजायची. त्या कॅसेटच्या कागदावर गायकाचा चेहरा नाही, फक्त डोळे आहेत. एका सोनेरी, कोरीव, जत्रेच्या कमानीसारख्या मुखवट्यामागून ते बघतात. कमानीच्या एका बाजूला कुत्र्याच्या तोंडाचा राजा, दुसऱ्या बाजूला पक्ष्याच्या तोंडाची राणी. मुकुट घातलेलं माकड आहे आणि पृथ्वीचा उलटा गोल आहे. मामूच्या मुलाकडे ही कॅसेट होती. इंग्रजी गाण्यांचे शब्द आम्हाला कळत नव्हते, म्हणून गाणं सुरू असताना आम्ही तो कागद 'वाचायचो'. तळहातापेक्षा लहान कागद, पण दर वेळी त्यात आधी न दिसलेला एखादा प्राणी सापडायचा.

ते चित्र रायडनचं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी त्याची बाकीची चित्रं शोधून काढायला लागलो. अस्सल कॅनव्हास पाहायचा योग आलेला नाही. पुस्तकं आणि पडदा, एवढ्यावरच माझं पाहणं आहे. तरी काही मतं बनली आहेत, ती मांडतो.

रायडनचा जन्म १९६३ चा, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मेडफर्डचा. वाढला दक्षिण कॅलिफोर्नियात. वडील मोटारी रंगवायचे, जुन्या गाड्यांना नवं रूप द्यायचे. पॅसाडेनाच्या आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमधून तो १९८७ मध्ये बाहेर पडला आणि पुढची दहाएक वर्षं त्याने पोटासाठी कामं केली. म्हणजे गाण्यांच्या अल्बमची आणि पुस्तकांची वेष्टनं. रेड हॉट चिली पेपर्सचा 'वन हॉट मिनिट' त्याचाच. स्टीफन किंगच्या 'डेस्परेशन' आणि 'द रेग्युलेटर्स' या १९९६ च्या जोड-कादंबऱ्यांची मुखपृष्ठंही त्याचीच. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की एकच चित्र तयार होतं. १९९८ मध्ये पॅसाडेनात त्याचं स्वतःच्या चित्रांचं पहिलं मोठं प्रदर्शन लागलं. नाव होतं 'द मीट शो'. आपल्या भाषेत सांगायचं तर मटणाचं प्रदर्शन.

तो ज्या घोळक्यातला, त्या लॉस एंजेलिसच्या चित्रकारांना आधी 'लो-ब्रो' म्हणत, म्हणजे हलक्या अभिरुचीचे. हे नाव त्यांच्यातल्याच रॉबर्ट विल्यम्सने मिरवायला घेतलं. अंगावर फेकलेला दगड उचलून त्याने आपल्याच घराच्या पायात बसवला. कॉमिक्स, मोटारींवरची आगीच्या ज्वाळांची नक्षी, टीव्हीवरची कार्टून्स, जुन्या सिनेमांची पोस्टरं, हे या लोकांचं गणगोत. त्यांचं 'जक्स्टापोझ' हे मासिक १९९४ मध्ये निघालं. पुढे 'पॉप सररिअलिझम' हे जरा बऱ्या घरातलं वाटणारं नाव रूढ झालं. १९९८ मध्येच कनेटिकटमधल्या ऑल्ड्रिच संग्रहालयाने या नावाचं प्रदर्शन भरवलं होतं.

आता रायडनचं चित्र कसं असतं ते सांगतो. रंग गोड. फिकट गुलाबी, दुधाळ निळा, पिस्त्याचा हिरवा. मोठ्या डोळ्यांची, मोठ्या डोक्याची, बाहुलीसारखी मुलगी. भोवती मधमाश्या, ससे, अस्वलं, हरणं, आणि मध्येच एखाद्या खेळण्यासारखा अब्राहम लिंकन. सगळं रंगवलेलं मात्र एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच दरबारी चित्रकारांच्या तब्येतीत. पातळ थरावर थर, ब्रशचा फटकारा कुठे दिसायचा नाही, त्वचा अशी की हात लावावासा वाटेल. अँग्र किंवा बुगेरो यांनी खेळण्यांच्या दुकानात मुक्काम ठोकला असता तर असं काही निघालं असतं. चौकटी लाकडात कोरलेल्या, देव्हाऱ्यासारख्या. आणि या सगळ्या गोडव्यात कुठेतरी मांस. ताजं, लाल, चरबीची पांढरी रेघ असलेलं.

या चित्रांबद्दल दोन प्रकारची माणसं बोलतात. एक, कलेच्या मोठ्या घरातली. ती म्हणतात, हे चॉकलेटच्या डब्यावरचं चित्र आहे, हातखंडा आहे पण खोली नाही. दुसरी, चाहते. ती म्हणतात, किती गोड, किती स्वप्नाळू, बालपणीचं कुतूहल कसं जपलंय! मला यातल्या दुसऱ्यांशी भांडायचं आहे. पहिल्यांशीही आहे, पण थोडं.

बालपणीचं कुतूहल हा शब्द आपण इतका साखरेत घोळवला आहे की तो चावताच येत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रांवर, शाळांच्या जाहिरातींवर, मोठ्यांच्या आठवणींत मूल म्हणजे फुलपाखरामागे धावणारं काहीतरी. खरं मूल फुलपाखरू पकडतं आणि त्याचा पंख तोडून बघतं. त्यात क्रौर्य नसतं आणि भाबडेपणाही नसतो. हे काय आहे, एवढंच त्याला बघायचं असतं. मोठ्या माणसाच्या डोक्यात कप्पे असतात. हे खायचं, हे पूजायचं, हे खेळायचं, हे घाबरायचं, हे बघायचं नाही. मुलाच्या डोक्यात हे कप्पे अजून झालेले नसतात. बाहुली जिवंत असू शकते, मेलेली आजी उद्या परत येऊ शकते, ताटातलं हाड कोणाचं तरी असतं. नवल वाटणं याचा अर्थ माझ्या मते एवढाच, की वस्तू अजून आपापल्या कप्प्यात गेलेल्या नाहीत. त्यात आनंद असतो आणि भीतीही तेवढीच असते.

आंद्रे ब्रेतोंने १९२४ मध्ये सररिअलिझमचा जाहीरनामा काढला तेव्हा त्यालाही बालपणाबद्दल बरंच बोलावं लागलं होतं. ते उगाच नाही. स्वप्नात कप्पे मोडतात आणि लहानपणी ते झालेलेच नसतात, त्यामुळे स्वप्नाकडे जायची ती जवळची वाट. पण ब्रेतों आणि त्याचे मित्र मोठ्या माणसांच्या स्वप्नात जास्त रमले. रायडनसारखे लोक खेळण्यांच्या फडताळाशी जाऊन बसले. तिथे बसल्यावर काय दिसलं, याचं एक उदाहरण म्हणजे 'सेंट बार्बी' हे १९९४ चं चित्र. एक लहान मुलगी, आणि तिच्यासमोर तेजोवलयात अवतरलेली बार्बी. युरोपातल्या जुन्या धार्मिक चित्रांत एखाद्या भाविकाला साक्षात्कार होतो ना, तसाच प्रसंग. हसू येतं. मग लक्षात येतं की मुलीच्या चेहऱ्यावर थट्टा नाही. तिची भक्ती खरी आहे. थट्टा असलीच तर बार्बीची आहे किंवा आपली.

मांसाकडे येतो. खरं तर मला याच्याबद्दलच लिहायचं होतं.

'द बुचर बनी' नावाचं २००० सालचं चित्र आहे. मटणाच्या दुकानात दुकानदार म्हणून ससा. २००५ चं 'रोझीज टी पार्टी' आहे. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला घालतात तसा पांढरा पोशाख घातलेली मुलगी चहाच्या मेजावर करवतीने मांसाचा मोठा तुकडा कापते आहे, आणि त्या मांसावर लॅटिनमध्ये ख्रिस्ताच्या देहाचा उल्लेख आहे. २००९ च्या 'इन्कार्नेशन'मध्ये तर मुलीचा झगाच मांसाचा आहे. पुढच्याच वर्षी लेडी गागा मांसाचा पोशाख घालून एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात गेली आणि जगभर गदारोळ झाला, तेव्हा अनेकांना रायडन आठवला. असा गदारोळ रायडनच्या वाट्याला आला नाही. चित्रातलं मांस वास मारत नाही, हा त्याचा फायदा.

अमेरिकेतल्या लेखांत या मांसाचा अर्थ बहुतेक वेळा असा लावलेला दिसतो: सुपरमार्केटात प्लॅस्टिकखाली मिळणारा लाल तुकडा आणि तो ज्याचा आहे तो प्राणी, यांतला धागा आधुनिक माणसाने तोडला, आणि चित्रकार तो पुन्हा जोडतो. अर्थ बरोबर आहे. फक्त तो अशा माणसांसाठी लिहिलेला आहे ज्यांचा धागा तुटला आहे.

माझा तुटला नव्हता. ज्या घरात बकरी ईद होते त्या घरातल्या कुठल्याच मुलाचा तो तुटलेला नसतो. ईदच्या आठ-दहा दिवस आधी बकरा यायचा. आमच्याकडे आलेल्या एकाचं नाव आम्ही राजा ठेवलं होतं. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आधी त्याला सुबाभळीचा पाला. गळ्यात घुंगरू, पाठीवर आपाने मेहंदीने काढलेला चांद. रात्री तो दारात बें बें करायचा, तर दादी म्हणायची, त्याला सगळं कळतं, झोपा. ईदच्या सकाळी नमाजहून आल्यावर अब्बा आम्हाला त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लावायचे. मी रडायचो. मग दुपारी मांसाचे तीन वाटे व्हायचे, एक घराचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा. ताटं झाकून घरोघरी पोचवायचं काम पोरांचं. संध्याकाळी तव्यावरची कलेजी. मी खायचो, आणि ती चांगली लागायची. रडलोही आणि खाल्लंही. त्या वयात या दोन गोष्टींत मला विसंगती वाटली नव्हती. आज वाटते का? खरं सांगायचं तर आजही नाही. पण ती वाटावी अशी अपेक्षा माझ्याकडून केली जाते, हे कळायला लागलं.

रायडनची ती पांढऱ्या झग्यातली मुलगी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला धक्का बसला नाही. ओळख पटली. ती कापते आहे, तिचा चेहरा शांत आहे. ती क्रूर नाही, पश्चात्तापही करत नाही. मेजावरचा देह पवित्र आहे आणि तो खायचा आहे, या दोन्ही गोष्टी तिला एकदम मान्य आहेत. ख्रिस्ती घरातलं मूल हे भाकरी आणि द्राक्षरसातून शिकतं, आमच्याकडचं मूल राजाकडून शिकतं. हे चित्र शाकाहाराचा प्रचार करत नाही, मांसाहाराचं समर्थनही करत नाही. मोठी माणसं त्यातून काही ना काही प्रचार काढतातच, कारण आपल्याला चित्रासमोरसुद्धा कुठल्या बाजूला उभं राहायचं हे आधी ठरवावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात तर ताटात काय आहे हा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत इतका तापला आहे की मूल ताटाबद्दल काय विचार करतं हे विचारायला कोणाला सवड नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी भाची चौथीत आहे, मराठी शाळेत. 'माझा आवडता सण' असा चित्राचा विषय होता. तिने बकरी ईद काढली. घरातले सगळे दस्तरख्वानभोवती बसलेत, आणि त्यांच्यात बकराही बसला आहे. त्याच्यासमोरही ताट आहे. वर आभाळात तोच बकरा पुन्हा, या वेळी पंखांसह. ताटांमध्ये लाल रंग भरपूर. बकऱ्याच्या चेहऱ्यावर हसू. शाळेतून चित्र परत आलं. असं नको, छान काढ, चंद्र काढ, गळाभेट काढ, शीरखुर्मा काढ. शीरखुर्मा या ईदचा नसतो, हे तिने सांगायचा प्रयत्न केला म्हणे. घरीही फार वेगळं झालं नाही. माझी बहीण म्हणाली, लोक काय म्हणतील, आधीच आपल्याबद्दल काय काय बोलतात, त्यात तू रक्त काढून पाठवतेस. शेवटी चंद्रकोर, मशीद आणि दोन टोप्यावाली माणसं गळ्यात गळे घालून उभी, असं चित्र गेलं आणि फलकावर लागलं. ते चित्र देशातल्या कुठल्याही मुलाने काढलेलं असू शकतं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी, या आपल्या राष्ट्रीय निसर्गचित्राचा तो ईदवाला भाऊ आहे.

मला राग त्या बाईंचा फारसा आला नाही. चाळीस मुलं, वर पालक, त्याच्या वर मोबाइलवर फिरणारे फोटो. बहिणीची भीतीही खोटी नाही. पण यात काय गेलं ते बघा. एका नऊ वर्षांच्या मुलीने, कोणी न शिकवता, एका प्रश्नाला हात घातला होता. ज्याच्यावर माया केली तोच ताटात आहे, मग त्याला आता कुठे ठेवायचं? तिने त्याला दोन जागा दिल्या, पंगतीत आणि आभाळात. हेच जर कॅलिफोर्नियात कोरीव चौकटीत लागलं असतं तर लोकांनी त्याला स्वप्नदृश्य म्हटलं असतं आणि त्यासमोर उभं राहून कॉफी प्याली असती.

पुढे मी तिला 'द बुचर बनी' दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "मामू, दुकानदार ससा आहे, मग मटण कोणाचं?" पडद्यावर बोट ठेवून एकेक तुकडा बघत होती. रायडनवर मी वाचलेल्या कुठल्याच लेखात हा प्रश्न इतका सरळ विचारलेला नाही.

आता कलेच्या मोठ्या घरातल्यांशी थोडं भांडण. चॉकलेटच्या डब्यावरचं चित्र ही शिवी का असावी? उरुसाच्या बाजारात, दर्ग्याबाहेरच्या फुला-चादरींच्या दुकानांत, बुराकचं छापील चित्र मिळायचं. अंग घोड्याचं, चेहरा बाईचा, डोक्यावर मुकुट, मोराच्या रंगांचे पंख, वर चमकी. आमच्यातल्या कर्मठांना ते कधीच पटलं नाही आणि त्यांची त्यामागची भूमिका मला ठाऊक आहे. शिकलेल्यांना ते भडक वाटायचं. पण लहानपणी त्या चित्रासमोर मी जितका वेळ उभा राहिलो तितका वेळ नंतर कुठल्या कलादालनात उभा राहिल्याचं मला आठवत नाही. कॅलेंडर, मोटारीवरची नक्षी, सिनेमाचं होर्डिंग, कॅसेटचा कागद, हीच बहुतेक माणसांची पहिली कलादालनं असतात. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली, फर्निचरच्या दुकानासाठी मुलांची खेळणी आणि खाटा-कपाटं यांची डिझाइन्स केली. मग ते हुसेन झाले. त्यांच्या घोड्यांमध्ये मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल अनेकांनी ओळखला आहे. रायडन मोटार रंगवणाऱ्याचा मुलगा आहे, अल्बमची वेष्टनं करून वर आला. हलक्या मानलेल्या जागेतून आलेल्या माणसाला ठाऊक असतं की लोक चित्राकडे आधी का बघतात. बघायला लावल्यानंतर तो काय करतो, परीक्षा त्याची घ्यावी.

आणि ती परीक्षा घेतली तर रायडन सगळीकडे पास होत नाही.

त्याच्या चित्रांत मुलगे कमी, मुली जास्त. या मुली खेळताना फार दिसत नाहीत. त्या बसतात, उभ्या राहतात, आपल्याकडे बघतात. कपडे सुंदर, ओठ नीट रंगवलेले. काही चित्रांत कपडेही नाहीत. तिथे मला अवघडायला होतं आणि ते अवघडणं 'कलेचा हेतू' वगैरे म्हणून गिळायची माझी तयारी नाही. मूल जगाकडे नवलाने बघतं हे दाखवणं वेगळं, आणि मुलाकडे मोठ्यांनी नवलाने बघत राहावं अशी सोय करणं वेगळं. पहिल्यात डोळे मुलाचे असतात. दुसऱ्यात मूलही फडताळावरची वस्तू होतं, जुन्या बाहुल्या आणि हाडांच्या सांगाड्यांच्या ओळीत. 'रोझीज टी पार्टी'तली मुलगी काहीतरी करते आहे, तिच्या हातात करवत आहे, म्हणून ते चित्र माझ्यासाठी टिकतं. नुसत्याच टक लावून बसलेल्या कितीतरी मुली माझ्यासाठी टिकत नाहीत.

मोठ्या माणसाची बालपणाची ओढ ही निरागस गोष्ट आहे असं आपण सहज धरून चालतो. ज्याच्या कॅसेटवरून मी सुरुवात केली त्या जॅक्सनकडेच बघा. आपल्याला बालपण मिळालं नाही असं तो सांगत राहिला, १९८८ मध्ये त्याने रँच विकत घेतली, तिला नेव्हरलँड नाव दिलं, तिथे पाळणे आणि प्राणी आणले. १९९३ पासून त्याच्यावर लहान मुलांच्या शोषणाचे आरोप झाले. २००५ च्या खटल्यात ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं, पण त्याच्या मृत्यूनंतरही आरोप थांबले नाहीत. खरं-खोटं ठरवणारा मी कोणी नाही. मात्र त्या वेष्टनावरची जत्रा, ते मुकुटातलं माकड आज बघताना कुतूहल आणि मालकी यांच्यातली सीमा किती पातळ आहे हे डोळ्यांत खुपतं. रायडनने ते १९९१ मध्ये, हे आरोप व्हायच्या आधी काढलं. तरी त्यात डोळे मुखवट्यामागे आहेत, हे चित्रकाराच्या हाताला सुचलेलंच.

दुसरी तक्रार बाजाराची. १९९४ मध्ये ज्याने बार्बीला संत करून तिची आणि तिच्या भक्तीची फिरकी घेतली, त्याने २०२२ मध्ये मॅटेल कंपनीबरोबर खऱ्या बार्बी बाहुल्या केल्या. लॉस एंजेलिसमध्ये 'पिंक पॉप' नावाने प्रदर्शनही झालं. सगळं गुलाबी. चित्रकाराने पैसे मिळवू नयेत असं माझं म्हणणं अजिबात नाही, उपाशी कलावंताचं कौतुक पोट भरलेलीच माणसं करतात. पण चित्रातल्या बार्बीपुढे मुलगी होती. डब्यातल्या बार्बीपुढे गिऱ्हाईक आहे, आणि तेही मोठं, संग्रह करणारं. खेळणं आहे, पण त्याच्याशी कोणी खेळणार नाही. डबा उघडला तर त्याची किंमत उतरते.

एवढं म्हणून झाल्यावरही मी रायडनकडे परत जातो, त्याचं एक कारण चित्र नाही, बॅले आहे. १५ मार्च २०१७ ला कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे अमेरिकन बॅले थिएटरने 'व्हिप्ड क्रीम' रंगमंचावर आणलं. नृत्यरचना अलेक्सेई रातमान्स्कीची, देखावे आणि पोशाख रायडनचे. संगीत जुनं, रिचर्ड स्ट्राउसचं, 'श्लागोबर्स' या १९२४ च्या व्हिएन्नातल्या बॅलेचं. ब्रेतोंचा जाहीरनामाही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडलेला. कथा अगदी लहान. पहिल्या कम्युनियननंतर मुलांना मिठाईच्या दुकानात नेतात. एक मुलगा इतकं व्हिप्ड क्रीम खातो की आजारी पडतो. मग दवाखाना, प्रचंड डोक्याचा दारुडा डॉक्टर, सुया घेऊन नाचणाऱ्या नर्सेस. तिथून त्याची सुटका होते ती प्रॅलिन नावाच्या राजकन्येमुळे, आणि तिच्या मिरवणुकीत रायडनचा तो पांढरा, केसाळ, डोंगराएवढा हिमयाक असतो.

याच्या ध्वनिचित्रफितीचे तुकडे मी पाहिले आहेत. इथे रायडनच्या गोडव्याला पहिल्यांदा परिणाम मिळतो, असं मला वाटलं. चित्रात साखर नुसती असते. बॅलेत ती खाल्ली जाते, अती खाल्ली जाते, आणि पोटात दुखतं. मुलगाही इथे बसून टक लावत नाही. तो पळतो, कोसळतो, उड्या मारतो. खरा, घाम येणारा नर्तक त्याच्या जागी असतो. डॉक्टरचं ते डोकं मोठ्या माणसाने काढलेलं वाटत नाही. ताप आलेल्या पोराला सुईवाला डॉक्टर जेवढा मोठा दिसतो, तेवढंच ते आहे. सुंदर मुलींना जागेवरून हलू न देणारा चित्रकार नर्तकांच्या हाती लागला हे फार बरं झालं.

१९२४ च्या व्हिएन्नात या बॅलेवर टीका झाली होती. महायुद्धात हरलेलं, महागाईने पोळलेलं शहर, आणि रंगमंचावर मलईचे ढीग. स्ट्राउसच्या मूळ कथेत आणखी एक गंमत आहे, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. दुकानातले स्वस्त केक आणि बिस्किटं एका प्रवेशात बंड करून उठतात, आणि त्यांच्यावर बिअर ओतून ते बंड शमवलं जातं. भाचीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा बिअर हा शब्द बदलून सरबत केला. तिचं म्हणणं पडलं की सरबत ओतल्यावर बिस्किटं शांत होणार नाहीत, विरघळतील, आणि मग ते चित्रात कसं दाखवायचं हे ती तपकिरी खडू शोधत ठरवायला बसली.